पाण्याच्या नळापाशी नागरिकशास्त्र

राज्यात २०२५-२६ पासून पहिलीला नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला आणि पालकसभेत एक प्रश्न हमखास येऊ लागला. ‘नागरी मूल्यं’, ‘परस्पर आदर’, ‘सामाजिक-भावनिक विकास’ हे शब्द बातम्यांत येतात, परिपत्रकांत येतात, आता प्रगतिपुस्तकाच्या चर्चेतही येतात. घरी कुणी विचारलं तर मात्र नीट सांगता येत नाही. आमच्या सभेत वाशीच्या बाजारात माथाडी काम करणारे एक वडील उठून म्हणाले, “बाई, गणिताचं कळतं. बेरीज चुकली की चुकली. पण आदराला मार्क कसे देणार तुम्ही?”

मी नवी मुंबईत घणसोलीला दुसरीच्या वर्गाला शिकवते. त्यांना त्या दिवशी अर्धंमुर्धं उत्तर दिलं, कारण मागे आणखी पंधरा पालक ताटकळत होते. राहिलेलं उत्तर इथे देते आहे.

चौथी सीट

आधी शब्दांचा अर्थ बघू. ठाणे-वाशी लोकलमध्ये तीन जणांच्या बाकापाशी चौथा माणूस येतो आणि म्हणतो, “जरा सरका.” तिघं सरकतात. तसा कायदा नाही, तिकिटावर लिहिलेलं नाही, सरकला नाहीत तर दंडही नाही. तो माणूस आपल्या नात्यातला नाही, गावचा नाही, उद्या भेटणारही नाही. तरी त्याचे पाय दुखत असतील एवढं आपल्याला कळतं आणि आपण जागा करून देतो. नात्यागोत्यात नसलेल्या माणसांबरोबर राहताना लागणाऱ्या अशा सवयींना नागरी मूल्यं म्हणतात.

‘परस्पर आदर’ यातला ‘परस्पर’ हा शब्द महत्त्वाचा. लहानाने मोठ्याच्या पाया पडणं हा आदर झाला, पण तो एकाच दिशेने गेला. मोठ्याने लहानाचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घेणं, ही त्याची परतीची वाट. ती बंद असेल तर त्याला परस्पर म्हणता येत नाही. आपण सगळे शाळेत रोज प्रतिज्ञा म्हणत मोठे झालो. पालक, गुरुजन, वडीलधारी माणसं यांचा मान ठेवण्याचं वचन तिच्यात आहे, आणि त्याच वाक्यात पुढे ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ असंही आहे. पहिला भाग आपण मुलांकडून घोटून घेतो. ‘प्रत्येकाशी’ या शब्दात शेजारच्या बाकावरचा मुलगा येतो, शाळेतले शिपाईकाका येतात, खिचडी वाढणाऱ्या ताई येतात. त्यांच्यापाशी थांबायला आपल्याला वेळ होत नाही.

बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा

मुलांना हे कळतं का? आपल्याला वाटतं त्याहून लवकर कळतं, पण सगळं एकदम कळत नाही.

जर्मनीतल्या लाइपझिग इथे संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर एक साधा प्रसंग केला. मोठा माणूस दोरीवर कपडे वाळत घालतो आहे, त्याच्या हातून चिमटा खाली पडतो आणि हात काही पोचत नाही. बरीचशी मुलं दुडुदुडु चालत गेली आणि चिमटा उचलून दिला. कुणी सांगितलं नव्हतं, खाऊही मिळणार नव्हता. हे २००६ सालचं काम. म्हणजे मदत करण्याची ओढ मूल घरूनच घेऊन येतं.

दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणं मात्र हळूहळू येतं. त्याची एक प्रसिद्ध चाचणी आहे आणि आपल्याकडे तिची सामग्री घरोघरी तयार असते. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घ्या. तीन वर्षांच्या मुलाला विचारा, आत काय आहे? तो म्हणेल, बिस्किटं. उघडून दाखवा, आत सुईदोरा. झाकण लावा आणि विचारा, “आता आजी आली, तिने हा डबा अजून उघडून बघितलेला नाही. तिला काय वाटेल, आत काय आहे?” तीन वर्षांचं मूल बहुतेक वेळा म्हणेल, “सुईदोरा.” आपल्याला जे माहीत झालं ते आजीला माहीत नाही, हे त्याला अजून पकडता येत नाही. साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी उत्तर बदलतं.

तिसरी गोष्ट स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांची. १९३० च्या सुमारास त्यांनी मुलांना दोन मुलांविषयी सांगितलं. एकाने दार उघडलं, दारामागे कपांचा ट्रे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसरा चोरून फडताळातला जॅम खायला खुर्चीवर चढला, एक कप फुटला. जास्त चुकलं कुणाचं? लहान मुलं म्हणायची, पंधरा कपवाल्याचं. मोठी मुलं म्हणायची, जॅमवाल्याचं. किती नुकसान झालं यावरून नजर उठून मनात काय होतं याकडे वळायला काही वर्षं जातात.

याचा उपयोग असा, की पाच वर्षांच्या मुलाने पेन्सिल हिसकावली म्हणून त्याच्यावर संस्कार झाले नाहीत असं ठरवू नये. समोरच्याच्या बाजूने बघायला त्याला मदत लागते. “सॉरी म्हण” म्हटलं की तो सॉरी म्हणतो आणि पळतो. “तिच्याकडे बघ. ती गप्प का झाली असेल?” असं विचारलं की तो थांबतो. उत्तर येईलच असं नाही. पण थांबला हेही पुष्कळ आहे.

तीन नळ आणि बेचाळीस मुलं

आता वर्गात हे कसं होतं ते सांगते, कारण खरा प्रश्न तोच आहे.

आमच्या पाण्याच्या टाकीला तीन नळ. मधला गळतो. खिचडीच्या आधी हात धुवायला माझी बेचाळीस मुलं एकदम धावतात. रोज ढकलाढकली, रोज कुणाचं तरी कोपर लागणार, रोज एक रडत येणार. मी रोज ओरडायचे. एके दिवशी ओरडणं सोडून सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हटलं, नियम तुम्ही करा.

पहिला नियम दोन मिनिटांत आला. “जो ढकलेल त्याला दिवसभर पाणी नाही!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लहान मुलं शिक्षेच्या बाबतीत फार कडक असतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मी नाही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, “आत्ता ऊन किती आहे? दिवसभर पाणी नाही म्हणजे कधीपर्यंत?” एक जण म्हणाला, “शाळा सुटेपर्यंत.” मग जी सर्वात जोरात टाळ्या वाजवत होती तीच म्हणाली, “पण चुकून धक्का लागला तर?” पियाजेंचे पंधरा कप माझ्या वर्गात फुटले होते.

अर्धा तास गेला. शेवटी ठरलं ते असं: मुद्दाम ढकललं तर रांगेच्या शेवटी जायचं. चुकून लागलं तर ‘लागलं का?’ विचारायचं. मग एकाने विचारलं, पहिलीची मुलं आपल्या मागे का उभी राहतात, त्यांचा हात नळाला पोचतही नाही. त्यावर बराच वाद झाला. “रांग म्हणजे रांग” असं म्हणणारे होते, “ते छोटे आहेत” म्हणणारे होते. डावीकडचा खालचा नळ पहिलीसाठी ठेवायचा, असं मुलांनीच काढलं.

पुस्तकी शब्दांत बघितलं तर त्या अर्ध्या तासात काय काय झालं? शिक्षा चुकीच्या मापाची असू नये, हा न्याय. मनातलं सगळ्यांसमोर बोलता आलं, हे स्वातंत्र्य. रांगेत सगळे सारखे, पण हात न पोचणाऱ्याला खालचा नळ, ही समानता. तिचा अर्थ मोठ्यांनाही नीट सांगता येत नाही: सगळ्यांना एकच माप देणं वेगळं आणि सगळ्यांना पाणी मिळेल असं बघणं वेगळं. आणि ‘लागलं का?’ ही बंधुता. संविधानाच्या उद्देशिकेतले हे चार शब्द. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांमध्ये उद्देशिकेचं वाचन अनिवार्य आहे. परिपाठात ती रोज म्हटली जाते, मुलांना तोंडपाठ असते. पाठ असलेल्या शब्दांना नळापाशी अर्थ मिळतो.

अशा कामाला आपल्याकडे अनुभवही आहे. ‘मूल्यवर्धन’ हा कार्यक्रम २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला आणि नंतर राज्यभर गेला. त्याचा भर व्याख्यानावर नसून जोडीने आणि गटाने करण्याच्या कृतींवर आहे. शिक्षकाने कमी बोलायचं. हे सर्वात कठीण आहे, मला अजूनही जमत नाही.

“धाक नसला तर मुलं डोक्यावर बसतील”

हा आक्षेप पालकांपेक्षा आम्हा शिक्षकांकडून जास्त येतो, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. बेचाळीस मुलांच्या वर्गात सुरुवातीचे दोन आठवडे गोंगाट वाढतोच.

पण धाकाचा हिशोब करून बघा. बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटर फळ्यापाशी उभा राहतो आणि बोलणाऱ्यांची नावं लिहितो. दुसऱ्यांदा बोललं की नावापुढे फुली. मित्राचं नाव पुसलं जातं, ज्याच्याशी भांडण आहे त्याला तीन फुल्या. आपण सगळ्यांनी हे भोगलं आहे. आपल्यातल्या काहींनी केलंही आहे. वर्ग शांत दिसतो, पण मुलं शिकतात एवढंच, की कुणी बघत असेल तोवर नियम पाळायचा आणि खडू ज्याच्या हातात त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बंधुतेविषयी बोलले. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता लोकांच्या अंगवळणी पडणार नाहीत, त्या राबवायला हवालदार लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर तो खडू हातात घेतलेला मॉनिटर आला. आपण वर्गावर्गात सातव्या वर्षापासून हवालदार नेमतो, आणि मोठेपणी सिग्नलला पोलीस नसला की गाड्या थांबत नाहीत याचं नवल करतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं १७ वं कलम मारणं आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. २९ वं कलम सांगतं, की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांना धरून असावा आणि मुलाला भीतीपासून मोकळं करून मनातलं बोलायला मदत करणारा असावा. ‘एवढ्या लहानांना संविधान कशाला’ असं विचारणाऱ्यांना उत्तर इथेच आहे. व्याख्या नकोतच. व्याख्या सहावीनंतर नागरिकशास्त्रात येतील.

शिस्त राहते. मुलांनी स्वतः केलेला नियम मोडला की ओरडायला बाई लागत नाहीत, रांगेतलेच म्हणतात, “आपलं ठरलंय ना?”

“हे तर घरचं काम”

निम्मं खरं आहे. पण घरी सगळी आपली माणसं असतात. ज्याच्याशी आपलं काही नातं नाही आणि तरी ज्याचा बाकावर आपल्याएवढाच हक्क आहे, असा माणूस मुलाला पहिल्यांदा भेटतो तो शाळेत. आणि नवी मुंबईच्या शाळेत तर किती तऱ्हांनी भेटतो! १९७० मध्ये सिडको आली, आगरी-कोळ्यांच्या जमिनींवर शहर उभं राहिलं. त्यानंतर साताऱ्या-सांगलीकडून माथाडी आले, मराठवाड्यातून बांधकामावर लोक आले, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातून आले. माझ्या एका बाकावर तीन मुलं बसतात आणि तिघांच्या डब्यात भाकरी, भात आणि लिट्टी असते.

इथे आदराची खूणसुद्धा सगळ्यांची सारखी नसते. गावठाणातली आगरी मुलगी मला सहज विचारते, “बाई, तू कवा आलीस?” तिच्या घरी आजीलाही ‘तू’च म्हणतात आणि त्यात अंतर नसतं, माया असते. मी नवीन होते तेव्हा अशा एका मुलाला उद्धट म्हणून बाहेर उभं केलं होतं. त्याला आपलं काय चुकलं हे कळलं नाही, कारण त्याचं चुकलं नव्हतं. तो चेहरा मी विसरलेले नाही.

आणि एक प्रसंग. माझ्या वर्गात कलबुर्गीकडून आलेल्या कुटुंबातली मुलगी आहे. तिच्या नावाच्या शेवटी ‘व्वा’ येतं. हजेरीला तिचं नाव आलं की मागून कुणीतरी म्हणायचं, “व्वा, व्वा!” आणि वर्ग हसायचा. पहिल्या दिवशी मीही हसले. आठवडाभराने लक्षात आलं, की ती हजेरीच्या वेळी दप्तरात काहीतरी शोधत बसते आणि ‘हजर’ म्हणत नाही, नुसता हात वर करते.

मी कुणाला रागावले नाही. गृहपाठ दिला: तुमचं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी खूप गोष्टी आल्या. एकाचं नाव आत्याने ठेवलं होतं, एकीचं दवाखान्यातल्या नर्सने. ती मुलगी उठली आणि खाली बघत म्हणाली, “आमच्यात अव्वा म्हणजे आई. आजीचं नाव मला दिलंय.” वर्ग शांत झाला. त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. चार दिवसांनी मागून पुन्हा एक ‘व्वा’ आलाच. पण त्याच्या शेजारच्या मुलाने त्याला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाला, “अरे, आई आहे ती.”

“माझं मूल भिडस्त होईल, लोक फायदा घेतील”

ही काळजी मला सर्वात खरी वाटते. जग रांगेत उभं राहत नाही, मग आपलंच मूल का राहील?

आदर शिकवायचा म्हणजे नमतं घ्यायला शिकवायचं, असा समज यामागे आहे. तो चुकीचा आहे, कारण आदर परस्पर आहे आणि त्यातला निम्मा वाटा स्वतःचा आहे. “मला हे आवडलं नाही, थांब” हे वाक्य आम्ही वर्गात मोठ्याने म्हणून सराव करतो. मान खाली घालून नाही, ताठ उभं राहून. माझ्या डब्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, अंगाला हात लावायचा नाही, नको म्हटलं की नको. ज्याला स्वतःचा नकार ठामपणे देता येतो त्याला दुसऱ्याचा नकार ऐकणंही जमतं. उलट ज्याला घरी आणि शाळेत फक्त ‘ऐक’ म्हटलं जातं, तो मोठ्या पोरासमोर दबतो आणि लहानावर दादागिरी करतो. मैदानावर हे रोज दिसतं.

चांगलं वागलं की स्टार द्यावा का?

याचं उत्तर थोडक्यात: जपून. लाइपझिगच्याच संशोधकांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांना मदतीबद्दल खेळणी बक्षीस दिली. पुढे बक्षीस थांबल्यावर, ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा या मुलांनी कमी मदत केली. मदत होती तिथे सौदा आला. त्यापेक्षा काय घडलं ते सांगावं: “तू खोडरबर दिलास, त्याचं चित्र पूर्ण झालं.”

घरी काय करता येईल

मुलं आपलं बोलणं ऐकण्याआधी आपली ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ऐकतात. मराठीत कुणाला किती मान द्यायचा हे क्रियापदातच असतं. डॉक्टरांना आपण “या, बसा” म्हणतो. सकाळी घंटागाडी आली की गॅलरीतून “ए, थांब जरा!” मागे उभं असलेलं चार वर्षांचं मूल दोन्ही ऐकतं आणि कोण मोठा, कोण छोटा याची यादी मनात करतं. स्वच्छ सर्वेक्षणात २०२३ साली नवी मुंबई देशात तिसरी आली. ते ज्यांच्या हातांनी झालं त्यांना “दादा, थांबा” म्हणायला काही खर्च येत नाही.

शाळेतून आल्यावर “किती पडले?” हे विचारालच, विचारा. सोबत “आज डबा कुणाबरोबर खाल्लास?” हेही विचारा. सोमवार ते शुक्रवार एकाच मित्राचं नाव येत असेल तर बाकीच्यांची नावं माहीत आहेत का, ते बघा. आणि स्वतः चुकलात तर मुलासमोर ‘माझं चुकलं’ म्हणा. मी हजेरीच्या प्रसंगानंतर वर्गात म्हणाले होते. जीभ जड झाली होती.

मग मार्क कसे देणार?

त्या वडिलांना मी आता असं सांगेन: मार्क देऊ नयेत. दहापैकी सात आदर असं काही नसतं, आणि मार्क ठेवले की मुलं बाईंसमोर आदर दाखवायला शिकतील. मी वहीत फक्त काय घडलं ते लिहिते. आज अमुकने स्वतःची पाळी दुसऱ्याला दिली. आज अमुक बोलायला उठली. वर्षाच्या शेवटी पालकांना तेच वाचून दाखवते.

गेल्या आठवड्यातली नोंद अशी आहे. मधल्या गळक्या नळाखाली मुलांनी बादली ठेवली, ते पाणी झाडांना घालायचं ठरलं. मग एकाने विचारलं, नळ दुरुस्त कोण करतं? मुख्याध्यापकांना सांगावं लागतं, असं मी म्हटलं. कसं सांगायचं? अर्ज लिहून. चार ओळींचा अर्ज लिहायला दोन तास गेले. ‘आमचा मधला नळ गळतो. पाणी वाया जाते. पहिलीची मुले भिजतात. कृपया नळ दुरुस्त करावा.’ खाली सह्या. सही म्हणजे काय हे माहीत नसल्यामुळे प्रत्येकाने आपलं पूर्ण नाव लिहिलं. बेचाळीस नावांना दोन कागद लागले. दुसऱ्या कागदावर वरून तिसरं नाव ‘व्वा’ने संपतं.

अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी मुलांपैकी दोघं विचारायला जाणार आहेत. कोणी जायचं यावर अजून वाद चालू आहे.